उत्तर ध्रुवावरून आलेली पत्रे

मुले सहा-सात वर्षांची झाली की एक दिवस हमखास एक प्रश्न विचारतात आणि घरातली मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. नाताळच्या आदल्या रात्री खेळणी आणि खाऊ ठेवून जाणारा तो लाल डगल्यातला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा खरोखरच असतो का? युरोप-अमेरिकेतल्या घरांना हा प्रश्न कित्येक पिढ्यांपासून ठाऊक आहे. आपल्याकडेही शहरांतल्या शाळांत नाताळच्या सुट्टीआधी सांताक्लॉज येऊन चॉकलेटे वाटू लागला आणि तो प्रश्न मराठी घरांत शिरला. असतो म्हणावे तर आपण पोटच्या पोराशी खोटे बोलतो आहोत, ही टोचणी लागते. नसतो म्हणावे तर त्याच्या डोळ्यांतली चमक आपल्याच हाताने विझवावी लागते. आणि आज हो म्हटले, उद्या शाळेतल्या मित्राने खरे सांगितले, तर आई-बापांच्या शब्दावरचा विश्वास उडणार नाही ना, ही धास्ती वेगळीच.

या प्रश्नाला एका बापाने तेवीस वर्षे उत्तर दिले. तोंडी नव्हे, लेखी. १९२० ते १९४३ या काळात दर डिसेंबरात त्याच्या मुलांना उत्तर ध्रुवावरून पत्र येत राहिले. पत्रावर तिकडचे तिकीट असे, सोबत रंगीत चित्र असे आणि खाली सही असे ती नाताळबाबाची. हा बाप म्हणजे पुढे 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्यांमुळे जगभर गाजलेले प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन. त्यांच्या कादंबऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण घरातल्या चार मुलांसाठी त्यांनी जो खटाटोप केला, तो समजून घ्यायचा तर त्यांच्या स्वतःच्या बालपणापासून सुरुवात करायला हवी.

न पाठवलेले पत्र

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन या गावी झाला. वडील आर्थर तिथे एका बँकेचे व्यवस्थापक होते. घरात मुलाला रोनाल्ड म्हणत. दोन वर्षांनी धाकटा हिलरी झाला. तिथला उन्हाळा रोनाल्डला सोसेना, म्हणून १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडमध्ये माहेरी, बर्मिंगहॅमला आली. वडील मागाहून येणार होते. पण ते तिकडे आजारी पडले. फेब्रुवारी १८९६ मध्ये चार वर्षांच्या रोनाल्डने दाईला सांगून वडिलांसाठी एक पत्र लिहवून घेतले. आपण आता भेटायला परत येणार, याचा आनंद त्यात होता. ते पत्र टपालात पडलेच नाही. त्याच सुमारास वडिलांची प्रकृती फार बिघडल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, ते वारले.

मेबलने मुलांना घरीच शिकवले. लॅटिन, फ्रेंच, झाडापानांची ओळख, चित्रकला आणि वळणदार अक्षर. तिच्या माहेरची मंडळी अक्षरांच्या नक्षीत तरबेज होती. ती कला तिने थोरल्याच्या बोटांत उतरवली. १९०० मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. त्याने नातेवाईक दुखावले आणि मिळणारी पैशाची मदत आटली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, मधुमेहाने तिचा अंत झाला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. रोनाल्ड तेव्हा बारा वर्षांचा होता.

पोरक्या झालेल्या दोन्ही भावांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या एका कॅथलिक धर्मगृहातले फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी घेतले. मेबलने मागे ठेवलेली पुंजी अगदी बेताची होती. फादर फ्रान्सिस तीत स्वतःच्या पैशांची भर गाजावाजा न करता घालत राहिले. देणाऱ्याने आपले नाव मागे ठेवावे आणि घेणाऱ्याला ओझे वाटू देऊ नये, ही रीत टोल्किन यांनी पुस्तकात वाचण्याआधी प्रत्यक्ष आयुष्यात अनुभवली ती अशी.

सोळाव्या वर्षी त्यांची एडिथ ब्रॅट हिच्याशी ओळख झाली. तीही पोरकी होती, वयाने तीन वर्षांनी मोठी. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, असे फादरांनी बजावले आणि टोल्किन यांनी ते पाळले. मार्च १९१६ मध्ये लग्न झाले आणि जूनमध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले. सॉमच्या लढाईत त्यांचे जिवलग शाळासोबती मारले जात होते. खंदकांत उवांमुळे पसरणाऱ्या तापाने ते स्वतः अंथरुणाला खिळले आणि नोव्हेंबरात इंग्लंडला परतले. म्हणून वाचले, असे म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर १९१७ मध्ये थोरला मुलगा जॉन जन्मला.

पहिले पत्र

डिसेंबर १९२०. टोल्किन यांना लीड्स विद्यापीठात नुकतीच नोकरी लागली होती. बिऱ्हाड अजून ऑक्सफर्डमध्येच होते. दुसरा मुलगा मायकेल दोन महिन्यांचा होता. तीन वर्षांच्या जॉनने वडिलांना विचारले, नाताळबाबा दिसतो कसा आणि राहतो कुठे?

वडिलांनी त्यावर हो-नाही असे काहीच सांगितले नाही. काही दिवसांनी जॉनच्या नावे एक पत्र आले. अक्षर थरथरते होते, कारण लिहिणारा फार म्हातारा आणि जागा फार थंड. तू बाबांना माझ्याविषयी विचारलेस ते मला कळले, असे सांगून नाताळबाबाने स्वतःचे आणि आपल्या बर्फातल्या घराचे चित्र सोबत जोडले होते. हे चित्र नीट जपून ठेव, अशी सूचनाही होती.

त्यानंतर हा शिरस्ताच पडला. कधी पत्र नाताळच्या सकाळी घरात सापडे. पाकिटावर बर्फाचा भुगा असे आणि सतरंजीवर बर्फाळ पावलांचे ठसे असत. पुढे गल्लीतला पोस्टमनही कटात सामील झाला आणि इतर टपालाबरोबर उत्तर ध्रुवाचे पत्र आणून देऊ लागला. पाकिटावरची तिकिटे टोल्किन हाताने रंगवत. मुलांनी लिहिलेली उत्तरे शेकोटीपाशी ठेवली जात आणि खोलीत कोणी नसताना ती नाहीशी होत. १९२४ मध्ये क्रिस्टोफर आणि १९२९ मध्ये प्रिसिला जन्मली, तशी पत्रांवरची नावे वाढत गेली. १९२५ मध्ये टोल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले आणि पुढल्या वर्षी सगळे कुटुंब नॉर्थमूर रोडवर राहायला आले. नाताळबाबाने पत्ता बरोबर शोधून काढला.

हे सगळे करणारा माणूस रिकामटेकडा नव्हता. प्राध्यापकाच्या पगारात चार मुलांचा संसार भागत नसे, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शालेय परीक्षेचे पेपर तपासत बसत. असाच एकदा एका विद्यार्थ्याने कोरा सोडलेला कागद समोर आला आणि त्यावर त्यांनी 'द हॉबिट'चे पहिले वाक्य लिहून टाकले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. डिसेंबरात मात्र कितीही कामे असोत, रंगाची पेटी बाहेर निघे.

अस्वलाची गंमत

नाताळबाबा नुसताच दयाळू म्हातारा राहिला असता तर मुले दोन-तीन वर्षांत कंटाळली असती. टोल्किन यांनी त्याला एक मदतनीस दिला. तो म्हणजे पांढरे अस्वल, मनाने चांगले पण कमालीचे धांदरट. इंग्रजीत ध्रुव आणि खांब यांना एकच शब्द आहे. त्याचा फायदा घेऊन त्यांनी उत्तर ध्रुवावर खराखुरा खांब उभा केला. १९२५ च्या पत्रात वाऱ्याने उडालेली नाताळबाबाची टोपी काढायला अस्वल त्या खांबावर चढले, खांब मोडून घरावर पडला आणि नाताळबाबाला बिऱ्हाड हलवावे लागले. १९२६ मध्ये त्याने उत्तरेकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा नळ सोडला आणि दोन वर्षांची आतषबाजी एका दमात उडवून टाकली. चंद्राचे तुकडे झाले आणि चंद्रावरचा माणूस नाताळबाबाच्या परसात येऊन पडला.

हे अस्वल पत्राच्या कडेला स्वतःही लिही. त्याचे अक्षर जाड आणि कोनदार, कारण पंजाने लिहायचे; शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. पुढे इल्बेरेथ नावाचा एक एल्फ चिटणीस म्हणून आला. एल्फ म्हणजे आपल्या गोष्टींतल्या यक्षांच्या जवळपासची जमात. त्याचे अक्षर नाजूक आणि झोकदार. तिघांची तीन हस्ताक्षरे, तिघांचे तीन स्वभाव, आणि तिघे एकमेकांच्या खोड्या काढणार. मेबलने बर्मिंगहॅममध्ये गिरवून घेतलेली अक्षरे तिने कधीही न पाहिलेल्या नातवंडांच्या अशी कामी आली.

भाषा हा टोल्किन यांचा जीव की प्राण. अस्वलाचे खरे नाव त्यांनी ठेवले कार्हू. फिनिश भाषेत अस्वलाला हाच शब्द आहे. १९३२ मध्ये ते अस्वल गुहांत हरवले. त्या गुहा गॉब्लिनांच्या, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या दुष्ट भुतावळीच्या. तिथल्या भिंतींवरच्या खुणांवरून अस्वलाने एक लिपीच तयार केली. मुलांना ती उलगडत बसायला मिळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांना धाकात ठेवण्यासाठी या पत्रांचा उपयोग झालेला दिसत नाही. आपण बागुलबुवाच्या नावाने मुलांना जेवायला लावतो. तसा कित्येक घरांत नाताळबाबाही शिस्तीच्या कामाला जुंपला जातो. वाईट वागलात तर खेळणी नाहीत! टोल्किन यांच्या पत्रांतली खेळणी येत नाहीत किंवा भलतीच येतात ती अस्वल जिन्यावरून गडगडले म्हणून, गॉब्लिनांनी कोठारातून चोरी केली म्हणून. मुलांच्या अपराधामुळे नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. बाहेरच्या जगातले दुःख त्यांनी पत्रांतून वगळले नाही. १९३१ मध्ये मंदीने लाखो घरांच्या चुली थंड पडल्या होत्या. त्या वर्षी नाताळबाबाने मुलांना समजावले की मागितलेले सगळे मिळाले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. जगात फार माणसे गरीब आणि उपाशी आहेत, ज्यांचे आई-बाप काहीच देऊ शकत नाहीत अशा मुलांसाठी यंदा मला अन्न, कपडे आणि खेळणी गोळा करावी लागली. खोट्या म्हाताऱ्याच्या तोंडून बापाने मुलांना खरी गोष्ट सांगितली होती.

मुलाचे दुःख गोष्टीने हलके करण्याची त्यांची ही एकच तऱ्हा नव्हे. १९२५ च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमधल्या फायली या समुद्रकाठच्या गावी मायकेलचा शिशाचा छोटा कुत्रा वाळूत हरवला. बापलेकांनी तो पुष्कळ शोधला. सापडला नाही. दुसरा आणून देऊ, असे न म्हणता टोल्किन यांनी त्या कुत्र्याची गोष्ट रचली. तो म्हणे मुळात खराच कुत्रा होता, एका जादूगाराने त्याला खेळणे करून टाकले होते, आणि वाळूतून तो पुढे चंद्रापर्यंत जाऊन आला. 'रोव्हरँडम' ही ती गोष्ट १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आली.

गुपिताचे वारसदार

मग मुलांना खरे कळले तेव्हा काय झाले? सगळा प्रश्न इथेच तर येऊन ठेपतो.

एकेका मुलाला ते ज्याच्या त्याच्या वेळेला कळले. कोणाला योगायोगाने, कोणाला तर्काने. पण कळल्यावरही कोणी बोभाटा केला नाही. ज्याला उमगले तो गप्प राहिला, कारण पाठची भावंडे अजून पत्राची वाट पाहत होती. म्हणजे फसवले गेल्याचा राग मनात धरण्याऐवजी मोठी मुले बापाच्या कटात सामील झाली. काल घेणाऱ्यांच्या रांगेत असलेला मुलगा आज देणाऱ्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. घरात कोणी जाहीर न करता त्याची बढती झाली होती.

टोल्किन हे श्रद्धाळू कॅथलिक होते. खऱ्या-खोट्याचा विवेक त्यांना धर्मानेच शिकवला होता. तरी या पत्रांत त्यांना खोटेपणा का वाटला नसावा, याचा अंदाज त्यांच्या एका व्याख्यानावरून बांधता येतो. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ते परीकथांवर बोलले. मूल भोळे असते म्हणून काहीही खरे मानते, हे मत त्यांना मान्य नव्हते. गोष्ट रचणारा एक दुय्यम जग उभे करतो. त्या जगाचे नियम तो प्रामाणिकपणे पाळत असेल, तर आत शिरलेल्याला ते खरे वाटते. नियम मोडला की जादू संपली. गोष्टीची किंमत ती घडू शकते की नाही यावर ठरत नाही. ती घडावी असे वाटते की नाही यावर ठरते, असा त्यांचा एकूण विचार होता. हे सांगत असताना त्यांच्या स्वतःच्या घरी अशा अनेक पत्रांचा अनुभव गाठीशी होता, हे श्रोत्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

पत्रांत त्यांनी हा नियम कसोशीने पाळला. एका वर्षी मोडलेले घर पुढच्या वर्षी आपोआप दुरुस्त होत नसे. थरथरते अक्षर कधी सुधारले नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला पत्रात उत्तर मिळे; म्हणजे मुलाने लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचलेले असे. मुलांनी विश्वास ठेवला तो बहुधा याच गोष्टीवर. आणि ती तर खोटी नव्हती.

शेवटची मोजे टांगायची रात्र

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. एव्हाना वाट पाहणारी एकटी प्रिसिला उरली होती. मायकेल आणि पुढे क्रिस्टोफर सैन्यात गेले. सॉमचे खंदक पाहिलेल्या बापावर आता मुलांच्या पत्रांची वाट पाहण्याची पाळी आली. ध्रुवावरही सुख नव्हते. १९४० मध्ये दक्षिण ध्रुवावरून पेंग्विन पोहत मदतीला आले खरे. पण पुढल्या वर्षी गॉब्लिनांनी पुन्हा चढाई केली. साठा घटला, माणसे घरे सोडून विखुरली, कोणाचा पत्ता लागेना, अशा तक्रारी नाताळबाबा करू लागला. बाँबच्या भीतीने इंग्लंडमधली मुले गावोगाव पाठवली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ओळींमागची वेदना कळते.

१९४३ च्या नाताळात शेवटचे पत्र आले. प्रिसिला चौदा वर्षांची झाली होती. म्हाताऱ्याने तिला सांगितले की यंदा तू बहुधा शेवटचाच मोजा टांगशील, आणि त्यानंतर मला निरोप घ्यावा लागेल. जुन्या मित्रांना आम्ही विसरत नाही, त्यांची पत्रे जपून ठेवतो, आणि ती मोठी होऊन त्यांची स्वतःची घरे, मुलेबाळे झाली की पुन्हा यायची आशा धरतो. नाताळबाबा असतो की नसतो, याविषयी त्या पत्रातही वाद नाही. एका बापाने मुलीच्या बालपणाला कसलाही खुलासा न करता हळुवारपणे निरोप दिला.

एडिथ १९७१ मध्ये वारली, टोल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी. तोवर ते जगप्रसिद्ध झाले होते. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांची सून बेली टोल्किन हिने ही पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. लिहिताना त्यांनी छापण्याचा विचार केलेला नव्हता. वाचक चारच होते. पण त्या चौघांनी पत्रे आणि चित्रे सांभाळून ठेवली म्हणून ती जगाला पाहायला मिळाली. जॉन पुढे धर्मगुरू झाला, मायकेल शिक्षक, प्रिसिला समाजसेवेच्या कामात गेली आणि क्रिस्टोफरने वडिलांचे अप्रकाशित लेखन उजेडात आणण्यात आयुष्य वेचले. ज्या मुलांना बापाने फसवले म्हणावे, त्यांनी बापाचा कागदन्‌कागद जपला, यातच काय ते आले.

सगळ्याच आई-बापांना रंगाची पेटी घेऊन बसता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. नाताळबाबा मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण मूल जेव्हा खरे का, असे विचारते तेव्हा ते फक्त एका दाढीवाल्याची चौकशी करत नसते. माझ्यासाठी इतका खटाटोप करणारे कोणी आहे का, हेही त्याला जाणून घ्यायचे असते. वडिलांसाठी लिहवून घेतलेले पत्र ज्याच्याकडे तसेच पडून राहिले, त्या मुलाने मोठेपणी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या लेकरांना वर्षानुवर्षे डिसेंबरात टपालाने पाठवले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुढे त्यांच्या त्यांच्या वेळी सापडले, आणि तेव्हा ते फारसे बोचलेही नाही.